सर, जोडी परत चिकटली: मातीतल्या तणनाशकाची आरशातली दोन रूपं सीईवर वेगळी होत नसतील तर

शुक्रवारी संध्याकाळी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर (सीई, म्हणजे केसाएवढ्या नळीत विजेच्या दाबानं रेणू वेगळे करायची पद्धत) डायक्लोरप्रॉप या तणनाशकाच्या दोन रूपांचे सुळके स्वच्छ वेगळे होते, मधली दरी थेट बेसलाइनपर्यंत उतरलेली. सोमवारी सकाळी तीच कॅपिलरी, तेच बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), तेच स्टँडर्ड (आत काय, किती ते माहीत असलेलं द्रावण), आणि पडद्यावर एकच सुळका, डोक्यावर जेमतेम खाच असलेला. दुपारपर्यंत काहीही न करता सगळं सुधारतं. बुधवारी मातीचे अर्क लावले की पुन्हा बिघडतं, आणि या वेळी वेगळ्याच तऱ्हेनं. (लॅबमध्ये आम्ही 'पीक'च म्हणतो, पण मातीबद्दल लिहिताना पीक म्हटलं की सोयाबीन डोळ्यासमोर येतं, म्हणून इथे सुळका.)

अशा वेळी सगळ्यांचा हात आधी सायक्लोडेक्स्ट्रिनच्या, म्हणजे दोन रूपांना कमी-जास्त बिलगणाऱ्या कड्यासारख्या रेणूच्या, बाटलीकडे जातो. जोडी वेगळी करायचं काम त्याचं, तेव्हा चूकही त्याचीच, आणखी थोडं घालून बघू. मीही बरीच वर्षं तेच केलं आणि महागडी पावडर वाया घालवली. आता आमच्याकडे नियम आहे: डीएमएसओचा, म्हणजे प्रवाह मोजायला नमुन्यात घातलेल्या द्रावकाचा, सुळका कुठे आला ते पाहिल्याशिवाय सायक्लोडेक्स्ट्रिनला हात लावायचा नाही. दहातल्या आठ तक्रारी तिथेच उलगडतात.

हा उपद्व्याप कशासाठी, ते थोडक्यात. डायक्लोरप्रॉप, मेकोप्रॉप ही फिनॉक्सी गटातली तणनाशकं. रेणूत एक असममित कार्बन असतो, त्यामुळे डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं होतात, आर आणि एस. तण मारतं ते आर. आपल्याकडच्या शेतात ही नावं फारशी कानावर येत नाहीत, ती युरोप-अमेरिकेतली. पण सोयाबीनमधलं क्विझालोफॉप याच घराण्यातलं आहे आणि त्यातही कामाचं रूप आरच. मातीतले जीवाणू दोन्ही रूपं सारख्या वेगानं खात नाहीत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स इथल्या ईपीएच्या (पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) प्रयोगशाळेतले वेन गॅरिसन आणि सहकारी यांनी १९९६ मध्ये डायक्लोरप्रॉपवर नेमकं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच वापरून दाखवलं की मातीत एस लवकर संपतं आणि आर मागे रेंगाळतं. म्हणून एकूण किती उरलं एवढं मोजून भागत नाही, कुठलं किती उरलं तेही लागतं. या गुणोत्तरावरून उगमाचाही माग काढता येतो. स्वित्झर्लंडमध्ये शेतीसाठी मेकोप्रॉपचं फक्त आर रूप विकलं जात असताना पाण्यात दोन्ही सापडत होती. १९९८ मध्ये उलगडा झाला की मुळं छपरात शिरू नयेत म्हणून सपाट छपरांच्या डांबरी थरात घातलेलं मिश्र मेकोप्रॉप पावसानं धुऊन येत होतं.

आमची मांडणी साधी आहे. ५० मायक्रोमीटर आतल्या व्यासाची, आवरण न दिलेली सिलिकाची कॅपिलरी, एकूण ५७ सेंटिमीटर, डिटेक्टरपर्यंत ५०. ५० मिलिमोलर अॅसिटेट बफर, पीएच ४.८, त्यात २५ मिलिमोलर ट्रायमिथाइल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन. २० किलोव्होल्ट, इनलेटला धन टोक, तापमान २० अंश. प्रत्येक नमुन्यात थोडं डीएमएसओ. ते विद्युतभाररहित असल्यानं नुसतं प्रवाहाबरोबर वाहत येतं, म्हणजे नदीत टाकलेलं पान.

पान आणि पोहणारा

डायक्लोरप्रॉपचा ऋण आयन इनलेटकडे, म्हणजे उलट्या दिशेला पोहतो. कॅपिलरीतला विद्युत-परासरणी प्रवाह, ज्याला आम्ही ईओएफ म्हणतो, त्याला ओढत डिटेक्टरकडे आणतो. प्रवाहाची गती ३ धरा आणि आयनाची उलटी धडपड १.५. उरतात १.५. पान ८ मिनिटांना आलं तर सुळके १६ च्या आसपास येणार.

आता प्रवाह फक्त दहा टक्क्यांनी वाढवा. ३.३ मधून १.५ गेले, उरले १.८. पान ७.३ मिनिटांना, सुळके १३.३ ना. प्रवाह दहा टक्क्यांनी कमी केला तर उरतात १.२; पान ८.९ ना, सुळके थेट २० मिनिटांना. पान जेमतेम हललेलं असतं आणि सुळके चार मिनिटं सरकलेले असतात, म्हणून नजर सुळक्यांवरच खिळते आणि सायक्लोडेक्स्ट्रिन बिघडल्यासारखं वाटतं.

एचपीएलसीवरून (भरलेल्या स्तंभातून द्रव सोडून वेगळं करायच्या पद्धतीवरून) आलेल्यांची आणखी एक गफलत होते. तिथे जे रूप निवडक पदार्थाला जास्त चिकटतं ते उशिरा बाहेर येतं. इथे उलटं आहे. सायक्लोडेक्स्ट्रिनवर भार नाही, ते प्रवाहाबरोबर वाहतं. त्याला जास्त बिलगणाऱ्या रूपाची उलटं पोहण्याची ताकद कमी होते, म्हणून ते आधी पोचतं. कुठला सुळका कुणाचा हे अंदाजानं लिहू नका. शुद्ध आर रूप थोडं मिसळून बघा कुठला वाढतो ते.

तर पहिला प्रश्न: पानाच्या वेळेवरून वरचं गणित केलं तर सुळक्यांची नवी वेळ जुळते का? जुळत असेल तर दोष प्रवाहात, म्हणजे कॅपिलरीच्या भिंतीत किंवा बफरच्या पीएचमध्ये. पान जागेवर आणि सुळकेच हलले असतील, तरच सायक्लोडेक्स्ट्रिनवर संशय घ्या. पान, सुळके आणि विद्युतप्रवाह तिन्ही बदलले असतील तर तापमान बघा; एका अंशाला विद्युतप्रवाह साधारण दोन टक्के वाढतो. मे महिन्यात एसी बंद पडला की आमच्याकडे हे घडतं. यंत्रात कॅपिलरी बसते त्या कार्ट्रिजच्या आत थंडावा असतो, पण कॅपिलरीची दोन्ही टोकं उघडी असतात आणि ट्रेमधल्या व्हायलमधलं पाणी उडून बफर दाट होतं.

सोमवार सकाळचं दुखणं

लक्षण: पान नेहमीपेक्षा लवकर, सुळके तर त्याहून जास्त मिनिटांनी पुढे सरकलेले, दोघे चिकटलेले, पण आकार चांगला बारीक.

हे आपणच ओढवून घेतलेलं असतं. सुट्टीनंतर कॅपिलरी 'नीट धुवायची' म्हणून कुणीतरी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास सोडतं. त्यानं सिलिकाच्या भिंतीवरचे सिलॅनॉल गट पूर्ण आयनित होतात. मग ४.८ पीएचचं बफर सोडलं तरी भिंत लगेच त्या पीएचवर येत नाही. ४ ते ६ या पट्ट्यात सिलिका फार सावकाश जुळवून घेते. तोवर प्रवाह जोरात, सुळके धावत बाहेर, वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. दुपारी आपोआप सुधारतं ते यामुळेच.

तोडगा: अल्कधर्मी धुणं संध्याकाळी करा, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बफर अर्धा तास सोडून मग २० किलोव्होल्टवर दोन रिकामे रन घ्या. स्टँडर्ड त्यानंतर. दोन रनच्या मध्ये सोडियम हायड्रॉक्साइड वापरायचंच असेल तर प्रत्येक वेळी सेकंदांच्या हिशेबानं सारखंच वापरा. आम्ही मधल्या वेळी फक्त बफर सोडतो, तीन मिनिटं. एकानं दोन मिनिटं सोडायचं, दुसऱ्यानं 'जरा जास्तच बरं' म्हणून पाच मिनिटं, असं झालं की त्या आठवड्याचे सगळे रन एकमेकांशी भांडतात.

बुधवारचं दुखणं: काळी माती

लक्षण: पान उशिरा, सुळके फारच उशिरा, आणि जाडे.

यात एक चकवा आहे. प्रवाह मंदावला तर सुळक्यांना जास्त वेळ मिळतो, म्हणजे जोडी उलट जास्त वेगळी व्हायला हवी. अंतर खरंच वाढतंही. पण सुळके इतके पसरतात की वाढलेलं अंतर त्यात बुडून जातं. कारण मातीतून आलेली ह्यूमिक द्रव्यं (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचे गडद रेणू) भिंतीवर सगळीकडे सारखी बसत नाहीत. इनलेटकडचे काही सेंटिमीटर बरबटलेले आणि पुढचा भाग स्वच्छ, असं झालं की कॅपिलरीच्या प्रत्येक तुकड्यात प्रवाहाचा वेग वेगळा होऊ पाहतो, आतल्या आत द्रव ढवळला जातो आणि सुळका फुगतो.

काळ्या मातीत यावर कॅल्शियमची भर. आमच्या मातीत चुनखडी भरपूर. पहिल्यांदा अर्क काढताना मी हायड्रोक्लोरिक आम्ल एकदम ओतलं आणि दूध उतू जावं तसा फेस बीकरबाहेर आला. फेस पुसता येतो; पण विरघळलेला सगळा कॅल्शियम क्लोराइड अर्कात राहतो. कॅल्शियम भिंतीच्या ऋणभाराला धरून बसतं, प्रवाह आणखी मंदावतं, आणि ह्यूमिक रेणूंना भिंतीशी बांधायचं कामही करतं. शिवाय नमुन्यात मीठ जास्त असलं की तो थर बफरपेक्षा जास्त वाहक होतो आणि सुळके आवळले जाण्याऐवजी सुरुवातीलाच पसरतात.

सोडियम हायड्रॉक्साइडनं अर्क काढावा, तर काळ्या मातीत तेही नको. सोडियम मिळाला की चिकणमाती फुगते, कण सुटे होतात आणि सेंट्रीफ्यूज करूनही वरचं पाणी चहासारखंच राहतं. ह्यूमिक आम्लं अल्कलीत मजेत विरघळतात, ती फुकटात बरोबर येतात.

बऱ्याच फजितीनंतर आता आमची पद्धत अशी आहे. माती किंचित ओली करून आम्ल थेंबाथेंबानं, फेस थांबेपर्यंत. मग आम्लयुक्त मिथेनॉलनं अर्क. सेंद्रिय द्रावकात चिकणमाती गुमान खाली बसते. अर्क पाण्यानं भरपूर पातळ करून पीएच २ वर आणायचा आणि पॉलिमरच्या एसपीई कार्ट्रिजमधून (हवा तो पदार्थ धरून ठेवणाऱ्या छोट्या गाळणीतून) सोडायचा. इथे घाई करू नका: पीएच २ च्या पाण्यानं दोनदा धुवा, कॅल्शियम इथेच जातं. त्यानंतर थोडं मिथेनॉल मिसळलेल्या पाण्यानं एकदा धुतलं की ह्यूमिकचाच हलका, पिवळसर फुल्विक भाग बराच निघतो. या धुण्यात मिथेनॉल किती चालेल ते तुमच्या कार्ट्रिजवर स्टँडर्ड घालून ठरवा, नाहीतर डायक्लोरप्रॉपच धुऊन जाईल. शेवटी मिथेनॉलनं उतरवून नायट्रोजनखाली सुकवायचं आणि दहापट पातळ केलेल्या, सायक्लोडेक्स्ट्रिन नसलेल्या बफरमध्ये विरघळवायचं. पातळ बफरमुळे नमुन्याचा पट्टा सुरुवातीलाच आवळला जातो.

मग आमची घरगुती परीक्षा. व्हायल पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघायचं. पाण्यासारखं दिसलं तर लावायचं. फिक्या चहाचा रंग असेल तर परत कार्ट्रिजवर. या एका सवयीनं आमच्या कॅपिलरीचं आयुष्य जितकं वाढलं तितकं कुठल्याही महाग धुण्यानं वाढलं नाही.

बरबटलेली कॅपिलरी वाचवायची असेल तर नुसतं सोडियम हायड्रॉक्साइड पुरत नाही, कारण कॅल्शियमनं बांधलेलं ह्यूमिक सहज सुटत नाही. आधी कॅल्शियमला पकडून सोडवणारं ईडीटीए, मग पाणी, मग ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, परत पाणी, आणि त्यानंतर सोमवारच्या दुखण्यासारखी सावकाश बफरची सवय. तरीही पान जागेवर आलं नाही तर इनलेटकडचे एक-दोन सेंटिमीटर कापा. घाण बहुतेक तिथेच असते. कापल्यावर टोक घड्याळजीच्या भिंगातून बघा. तिरकं किंवा दातेरी तुटलं असेल तर सुळक्याला शेपटी येणारच. लांबी बदलली याची वहीत नोंद करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी वेळा का बदलल्या म्हणून डोकं धरून बसेल.

धुऊनही रोज संध्याकाळी उशीर होत असेल तर

मातीचे अर्क नाहीत, नुसतं स्टँडर्ड, तरी पान रनागणिक मागे मागे जातंय? इनलेटची व्हायल बदला. पान परत जागेवर आलं तर कॅपिलरी निर्दोष, बफर थकलं होतं.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. ४० मायक्रोअँपिअर २० मिनिटं वाहिला की धन टोकापाशी साधारण अर्धा मायक्रोमोल आम्ल तयार होतं. १ मिलिलीटरच्या व्हायलमध्ये म्हणजे दर रनला अर्धा मिलिमोलर. अॅसिटेटचा पीकेए (ज्या पीएचजवळ बफर सगळ्यात जोमानं काम करतं तो आकडा) ४.७६, त्यामुळे ४.८ पीएचला ते हे पचवतं. सहा रननंतरही पीएच जेमतेम ०.१ नं घसरतो. पण आमच्या एका विद्यार्थ्यानं २०० नॅनोमीटरला अॅसिटेट स्वतःच शोषून घेतं म्हणून फॉस्फेट घेतलं, पीएच ५ ला. बेसलाइन सुरेख आली. आणि दुसऱ्याच रनपासून सगळं घसरायला लागलं. फॉस्फेटचे पीकेए २.१ आणि ७.२, पीएच ५ ला ते नावालाच बफर. ५० मिलिमोलरमध्ये आम्ल शोषणारा भाग एक मिलिमोलरही भरत नाही, तो एक-दोन रनमध्ये खलास. इतका गुणी मुलगा, पण चार दिवस सायक्लोडेक्स्ट्रिनची टक्केवारी बदलत बसला होता. आम्ही अॅसिटेटच ठेवतो आणि दर पाच रनला दोन्ही व्हायल बदलतो.

आता सायक्लोडेक्स्ट्रिन, एकदाचं

पान जागेवर आहे आणि तरी जोडी चिकटते? तर हे बघा.

'आणखी घालू' हा विचार सोडा. रेन आणि रो या संशोधकांनी १९९२ मध्येच मांडलं की दोन रूपांच्या गतीतला फरक एका ठराविक सांद्रतेला सगळ्यात जास्त असतो. त्याच्या अलीकडे कमी, पलीकडेही कमी. पलीकडे गेलात की दोन्ही रूपं जवळजवळ पूर्ण वेळ सायक्लोडेक्स्ट्रिनला धरूनच असतात आणि त्यांच्यातला फरक मिटत जातो, वर द्रावण दाट होतं ते वेगळंच. १०, १५, २५, ३५ मिलिमोलर असे चार रन घेऊन तुमचा कळस शोधा.

ट्रायमिथाइल प्रकार विरघळत नाही म्हणून हॉटप्लेटवर ठेवू नका. हा साखरेसारखा नाही. तापवला की कमी विरघळतो. गार पाण्यात, धीरानं. हायड्रॉक्सिप्रोपिल प्रकार वापरत असाल तर बाटलीचा लॉट क्रमांक बघा. तो एकच पदार्थ नसून कमी-जास्त गट लागलेल्या रेणूंची मिसळ असते, लॉट बदलला की जोडीचं अंतर बदलू शकतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर पाणी ओढते आणि तुम्ही सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणून पाणीच तोलता.

द्राक्षवाल्यांसाठी एक. केवडा रोगावर मारलेल्या मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाची जोडी याच बफरमध्ये फोडायला जाऊ नका. ते भाररहित आहे, साधं सायक्लोडेक्स्ट्रिनही भाररहित; दोघंही डीएमएसओच्या मागोमाग एकत्र येणार आणि जन्मात वेगळे होणार नाहीत. तिथे सल्फेटेडसारखं भारित सायक्लोडेक्स्ट्रिन लागतं, किंवा एसडीएस या साबणासारख्या पदार्थाच्या मायसेलची (रेणूंच्या गोळ्यांची) जोड.

सुळके वेगळे झाले, आकडे चुकले

याची तक्रार घेऊन कुणी येत नाही, कारण पडद्यावर सगळं छान दिसतं.

रेसिमिक स्टँडर्डमध्ये आर आणि एस निम्मे-निम्मे, तेव्हा पहिल्या सुळक्याचा वाटा ०.५० यायला हवा. १६.० आणि १६.५ मिनिटांचे सुळके घ्या आणि यंत्रानं दिलेली क्षेत्रफळं तशीच वापरा: ०.४९ येतो. स्टँडर्ड बिघडलेलं नसतं. उशिरा येणारं रूप डिटेक्टरच्या खिडकीसमोरून सावकाश जातं, म्हणून त्याचं क्षेत्रफळ फुगलेलं असतं. प्रत्येक क्षेत्रफळाला त्याच्या वेळेनं भागा, ०.५० मिळेल. एका शतांशाचं काय एवढं, असं वाटेल. पण प्रयोगाच्या पहिल्या काही दिवसांत जीवाणूंनी केलेला फरकही एवढाच असतो.

दुसरी चूक ह्यूमिकच्या टेकाडाची. स्वच्छ केलेल्या अर्कातही एक रुंद, बसकं टेकाड उरतं आणि ते सहसा दोनपैकी एकाच सुळक्याखाली जास्त चढतं. यंत्र बेसलाइन सरळ ओढतं आणि तो सुळका उगाच लठ्ठ होतो. यावर उपाय म्हणून वाटा दोन तरंगलांबींवर काढा, २०० आणि २३० नॅनोमीटर. आर आणि एस दोघांचं शोषण सारखंच, तेव्हा दोन्हीकडे वाटा सारखा यायला हवा. ह्यूमिकचं शोषण वेगळ्या उताराचं असतं, ते इथे उघडं पडतं.

आणि ऑटोक्लेव्ह केलेल्या मातीचा एक नमुना प्रत्येक तुकडीत ठेवाच. तिथे खाणारं कुणी नाही, म्हणून तिचा वाटा शेवटच्या दिवशीही ०.५० च असला पाहिजे. मागच्या पावसाळ्यात आमच्या जिवंत मातीत आरचा वाटा इतका सुरेख वाढत होता की पोस्टरची तयारी सुरू झाली होती. मग ज्युनिअरनं निर्जंतुक मातीचा रन उघडला. तिथेही आर वाढलेलं होतं. मी व्हायल उचलून कागदावर ठेवली. फिका चहा.